आधी मोजा, मग लोहाची गोळी

‘अंगात रक्त नाही’ हे निदान कोल्हापूर जिल्ह्यातल्या घराघरांत डॉक्टरांच्या आधी शेजारीण करते. सून थकली, कॉलेजला जाणारी मुलगी फिकट दिसली, वडिलांना जिना चढताना धाप लागली की उपायही ठरलेले असतात. गूळ-शेंगदाणे, बीट, पालक, खजूर, आठवड्याला मटणाचे अळणी पाणी आणि औषधाच्या दुकानातून आणलेली लोहाच्या टॉनिकची बाटली. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर निघतो, म्हणूनच तो टिकून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५४ टक्के महिलांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी किमान १८० दिवस दिली जाते ती याच कारणाने. ही मोहीम गरजेची आहे आणि ती थांबता कामा नये, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे.

प्रश्न त्या मोहिमेचा नाही, तिच्या आडून रुजलेल्या एका सवयीचा आहे. रक्त कमी म्हणजे लोह कमी, आणि लोह कमी म्हणजे गोळी, असे समीकरण आपण मनात पक्के केले आहे. शरीरात लोह जास्त होऊ शकते, ते यकृत, हृदय आणि स्वादुपिंडात साठून माणसाला हळूहळू पोखरू शकते आणि हा दोष आई-वडिलांकडून जन्मतःच मिळालेला असू शकतो, हे आपल्या हिशेबातच नसते. ज्यांच्या वाट्याला हा दोष येतो त्यांचीही सुरुवात थकव्यानेच होते. त्यांनाही तीच बाटली मिळते.

शरीराचा जमाखर्च

शिरोलीच्या फौंड्रीत रोज टनांनी लोखंड ओतले जाते. माणसाच्या शरीरात लोह असते ते अवघे तीन ते चार ग्रॅम, एखाद्या लहान खिळ्याच्या वजनाइतके. त्यातला मोठा भाग रक्ताच्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो. नव्या तांबड्या पेशी बनवायला शरीराला रोज वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह लागते, पण त्यातले जवळजवळ सगळे जुन्या, मोडीत निघालेल्या पेशींतून परत मिळते. अन्नातून रोज शोषले जाते ते फक्त एक ते दोन मिलिग्रॅम, आणि त्वचेच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतून साधारण तेवढेच बाहेर जाते. महिलांमध्ये पाळीवाटे त्यात थोडी भर पडते.

या व्यवहाराचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. जादा मीठ लघवीतून जाते, जादा पाणी जाते, पण जादा लोह बाहेर टाकण्याची कोणतीही वाट शरीराकडे नाही. हे असे खाते आहे, ज्यात पैसे भरता येतात, काढता येत नाहीत. म्हणून निसर्गाने सगळी राखण दारावरच ठेवली आहे. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक हा तो राखणदार. लोहाचा साठा पुरेसा झाला की हेप्सिडिन वाढते आणि आतड्यातून रक्तात लोह सोडणारे दार बंद होते. साठा घटला की हेप्सिडिन कमी होते आणि दार उघडते. या संप्रेरकाचा शोध २००० सालाच्या आसपास लागला. त्यामुळे आज पन्नाशीत असलेल्या डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतल्या पुस्तकांत त्याचे नावही नव्हते.

राखणदार झोपला तर काय होते? माणूस साधे जेवण जेवत असला तरी रोज गरजेपेक्षा दोन-तीन मिलिग्रॅम लोह जास्त आत येत राहते. एका दिवसात काही बिघडत नाही. तीस-चाळीस वर्षांत मात्र त्याचे अनेक ग्रॅम होतात आणि ते ठेवायला जागा नसल्याने अवयवांत साचतात. लोखंडाला गंज चढताना जी रासायनिक घालमेल होते, तशाच प्रकारची घालमेल हे मोकळे लोह पेशींच्या आत करते.

युरोपातला आजार, आपल्याकडचा आजार

या जन्मजात बिघाडाचे युरोपातले रूप म्हणजे हिमोक्रोमॅटोसिस. फ्रान्समध्ये आर्मां त्रुसो यांनी १८६५ मध्ये मधुमेह, यकृताचा सिऱ्होसिस आणि कांस्यासारखी झालेली त्वचा एकाच रुग्णात पाहून त्याची नोंद केली. जर्मनीच्या फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८९ मध्ये त्याला नाव दिले. तो आनुवंशिक आहे, हे ब्रिटिश डॉक्टर जोसेफ शेल्डन यांनी १९३५ मध्ये मांडले. त्यामागचे एचएफई हे जनुक १९९६ मध्ये सापडले. उत्तर युरोपातल्या लोकांत या जनुकातला एक विशिष्ट बदल इतका पसरला आहे की आयर्लंडमध्ये साधारण ८३ माणसांमागे एकाला तो आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेला असतो. तसा दुहेरी दोष असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. ज्यांना होतो त्यांच्यात पुरुषांची लक्षणे चाळिशीच्या आसपास दिसू लागतात. महिलांना पाळीमुळे काही वर्षे संरक्षण मिळते, त्यामुळे त्यांच्यात ती पाळी थांबल्यानंतर दिसतात. सततचा थकवा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी सांधेदुखी, कारण न सापडणारा मधुमेह, लैंगिक इच्छा कमी होणे, यकृताची सूज, हृदयाची अनियमित धडधड अशी ती लक्षणे आहेत. यातले प्रत्येक लक्षण वेगळ्या डॉक्टरकडे जाते, म्हणून निदान लांबते.

उपचार मात्र इतका साधा आहे की पूर्वीच्या काळचा वाटावा. दर आठवड्याला साधारण ४५० मिलिलिटर रक्त काढायचे. एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जाते. साठा उतरला की मग वर्षातून काही वेळा रक्त काढले तरी पुरते. यकृत खराब होण्याआधी निदान झाले तर असा माणूस इतरांइतकाच जगतो.

भारतात युरोपातला तो विशिष्ट जनुकबदल जवळजवळ आढळत नाही. दुसऱ्या जनुकांतल्या दोषांमुळे हिमोक्रोमॅटोसिस झालेले रुग्ण आपल्याकडेही सापडतात. त्यातला तरुणपणीच हृदयावर घाला घालणारा प्रकार विशेष घातक असतो. तरी एकूण संख्या थोडी. एवढे वाचून ‘मग हा गोऱ्यांचा आजार, आपल्याला काय’ असे वाटेल. तिथेच आपली फसगत होते. वारशाने मिळालेले जादा लोह आपल्याकडे दुसऱ्या वाटेने येते, आणि ती वाट आहे थॅलेसेमियाची.

थॅलेसेमियात हिमोग्लोबिनची एक साखळी बनवणारे जनुक दुबळे असते. असा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक असतो. त्याचे हिमोग्लोबिन थोडे कमी, बाकी आयुष्य इतरांसारखे. दोघांकडूनही आला तर मूल थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मते. सहा महिन्यांनंतर ते फिके पडू लागते आणि नियमित रक्त भरल्याशिवाय जगू शकत नाही. या दोन टोकांच्या मध्ये थॅलेसेमिया इंटरमीडिया नावाचा प्रकार आहे. त्यात हिमोग्लोबिन सात-आठच्या घरात राहते, रक्त क्वचित भरावे लागते, आणि नेमक्या या लोकांनाच ‘अशक्तपणा’ म्हणून वर्षानुवर्षे लोह दिले जाण्याचा धोका सर्वांत जास्त. त्यांच्या अस्थिमज्जेत पेशी बनवण्याची धडपड अखंड चालू असते. ‘लोह पाठवा’ असा निरोप ती सतत धाडत राहते, त्यामुळे हेप्सिडिन दबते आणि आतड्याचे दार उघडेच राहते. राखणदार इथेही झोपलेलाच, फक्त कारण वेगळे. रक्ताची एकही पिशवी न चढवता अशा माणसाच्या यकृतात घातक साठा होऊ शकतो. त्यात वरून टॉनिक घालणे म्हणजे भरलेल्या धरणात पाणी सोडण्यासारखे.

तीच पिशवी, उलट्या दिशेने

आयर्लंडमधल्या रुग्णाच्या अंगातून जी पिशवी काढल्याने त्याचा जीव वाचतो, तीच पिशवी कोल्हापुरातल्या थॅलेसेमियाच्या मुलाला भरल्याने त्याचा जीव वाचतो. पण तिच्याबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोहही त्याच्या शरीरात जाते. निरोगी माणूस सहा-सात महिन्यांत जेवढे लोह अन्नातून घेतो, तेवढे या मुलाला एका दुपारी मिळते. वाढत्या वयात वर्षाला तीस पिशव्या लागल्या तर हा आकडा सहा ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे आपल्या सगळ्या शरीरात असते त्याच्या दीडपटीहून अधिक. ते काढण्यासाठी त्याचे रक्त काढता येत नाही, कारण रक्ताचीच तर कमतरता आहे.

म्हणून लोह पकडून लघवी किंवा शौचावाटे बाहेर नेणारी औषधे लागतात. रक्त साधारण दहा ते वीस वेळा भरले, किंवा साठ्याचा अंदाज देणारे फेरिटिन १,००० च्या वर गेले की ती सुरू करायची असतात आणि मग रोज घ्यायची असतात. ती घेतली नाहीत तर मूल वाढीच्या वयात खुरटते, वयात येणे लांबते, मधुमेह जडतो, आणि ऐन तारुण्यात हृदय थकते. थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या मृत्यूंमागे हृदयात साचलेले लोह हे फार काळ सर्वांत मोठे कारण राहिले आहे.

या औषधांच्या इतिहासात महाराष्ट्राचे एक मोलाचे पान आहे, ते आपल्याला फारसे ठाऊक नाही. १९६० च्या दशकापासून डेस्फेरिऑक्झामिन हे एकच औषध उपलब्ध होते. ते पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून, छोट्या पंपाने रात्रभर आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावे लागे. महागडे आणि मुलांना नकोसे. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या डिफेरिप्रोन या तोंडाने घ्यायच्या औषधाची मोठी चाचणी मुंबईत डॉ. एम. बी. अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केली. सिप्लाने ते ‘केल्फर’ नावाने बाजारात आणले आणि या औषधाला परवानगी देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. युरोपने ती १९९९ मध्ये दिली, अमेरिकेने थेट २०११ मध्ये. त्यानंतर दिवसातून एकदा घेता येणारे डिफेरासिरॉक्सही आले. भारतीय मुलांना रात्रभराच्या सुईतून सोडवणारी गोळी आपल्याच राज्यात तपासली गेली, तिची कंपनीही इथलीच. तेव्हा ती गोळी जिल्ह्याच्या रुग्णालयात खंड न पडता मिळावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आपल्या समाजाला रक्तदानाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. शिवजयंती असो की नेत्याचा वाढदिवस, तालमी आणि तरुण मंडळे शिबिरे भरवतात. थॅलेसेमियाच्या रुग्णांना रक्त मोफत देण्याचे धोरणही आहे. पण रक्ताची पिशवी मिळाली की त्या मुलाचा प्रश्न सुटला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पिशवी हा उपचाराचा अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा भाग म्हणजे रोजची गोळी, तीन महिन्यांनी फेरिटिन, आणि साधारण दहाव्या वर्षापासून हृदय व यकृतातले लोह मोजणारा विशेष एमआरआय. पहिल्या भागाचे फोटो छापून येतात. दुसऱ्याचा खर्च बहुतेकदा आई-वडील गुपचूप सोसतात, आणि महिना तंगीचा असला की पहिली काट त्यालाच लागते. मूल त्या दिवशी हसत-खेळत असते, म्हणून चूक कळत नाही. ती पंधरा वर्षांनी कळते.

वाहक कोण, हे कसे कळणार?

परळच्या राष्ट्रीय रुधिरविज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने देशातल्या सहा शहरांत ५६ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण २.७८ टक्के निघाले, म्हणजे ३६ माणसांमागे एक. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत ते याहून बरेच जास्त आहे. आपल्या शेजारी गांधीनगरची सिंधी वसाहत आहे, तिथे ही माहिती पोहोचणे गरजेचे आहे. पण हा ‘त्यांचा’ आजार म्हणून बाकीच्यांनी निवांत बसावे असेही नाही. वाहक सर्व जातिधर्मांत आढळतात.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट यात भर घालते. दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्न ही मान्य, किंबहुना मानाची चाल आहे. सीमेपलीकडे काही समाजांत मामा-भाचीचीही लग्ने होतात. गणित सरळ आहे. एखादा मुलगा वाहक असेल तर बाहेरच्या मुलीत तसा दोष असण्याची शक्यता ३६ त एक. सख्ख्या मामाच्या मुलीत तोच दोष असण्याची शक्यता साधारण आठात एक, आणि सख्ख्या भाचीत चारात एक. नवरा-बायको दोघे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. ‘पहिले तसे झाले, आता दुसरे चांगले होईल’ हा दिलासा खोटा आहे. फासा दर वेळी नव्याने पडतो. नात्यातल्या लग्नांवर कुणी बंदी घालावी असे माझे म्हणणे नाही. पण पत्रिका जुळवायला जेवढा वेळ देतो, त्याच्या दशांश वेळात एक रक्ततपासणी होते.

ती तपासणी अवघड नाही. साध्या रक्तगणनेच्या रिपोर्टमध्ये दोन आकडे असतात, तिकडे बहुतेक कुणी पाहत नाही. एक म्हणजे एमसीव्ही, तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. दुसरा तांबड्या पेशींची संख्या. लोह कमी असले की पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही कमी होते. थॅलेसेमियाच्या वाहकात पेशी लहान असतात, पण संख्या भरपूर असते, बऱ्याचदा पन्नास लाखांच्या वर. मेंट्झर यांनी १९७३ मध्ये सुचवलेला ठोकताळा असा, की एमसीव्हीला दशलक्षांत मोजलेल्या पेशींच्या संख्येने भागा. उत्तर १३ च्या खाली आले तर थॅलेसेमियाचा संशय घ्या. उदाहरणार्थ, एमसीव्ही ६२ आणि संख्या ५.६ असेल तर उत्तर ११ येते. हा ठोकताळाच आहे, निदान नव्हे. खात्री एचबी-ए-टू या तपासणीने होते. ते प्रमाण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर माणूस वाहक. ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. लोहाची मोठी कमतरता असताना तिचे उत्तर फसवे येऊ शकते, म्हणून अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

वाहकाला लोह कधीच द्यायचे नाही, असा याचा अर्थ काढू नये. वाहक बाई गरोदर असेल आणि तिचे फेरिटिन कमी असेल, तर तिला लोह लागतेच. मुद्दा एवढाच की चार-सहा महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलले नाही, तर ब्रँड बदलण्याआधी कारण शोधावे. कारण सापडले नाही तर त्या बाईचे लोह वाढो न वाढो, तिच्या होणाऱ्या बाळाला कोणता धोका आहे हे कळायची संधी मात्र हातची जाते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हल्ली ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये फेरिटिन असते आणि ते ४००-५०० आले की माणूस घाबरून जातो. फेरिटिन हे सुजेचेही लक्षण आहे. यकृतावरची चरबी, दारू, मधुमेह, साधा ताप यांनीही ते वाढते, आणि आपल्याकडे बहुतेकदा हीच कारणे असतात. जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहावे लागते, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या गाड्यांमधली किती आसने भरली आहेत ते. उपाशीपोटी केलेल्या तपासणीत ते सतत ४५ टक्क्यांच्या वर असेल, तर मात्र जादा लोहाचा शोध घ्यायचा आणि सख्ख्या भावंडांनाही तपासायचे.

रेशनच्या तांदळाचे काय?

रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे दाणे सापडले की ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ आल्याची आवई उठते. ते प्लॅस्टिक नसते. शंभर दाण्यांमागे साधारण एक या प्रमाणात मिसळलेले ते पोषणयुक्त दाणे असतात आणि त्यांच्यामुळे किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह मिळते. २०१८ च्या नियमांत अशा अन्नाच्या पाकिटावर थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी सूचना छापणे सक्तीचे होते. तज्ज्ञ समितीच्या अभ्यासानंतर २०२४ मध्ये ही सक्ती काढली गेली. आकड्यांच्या दृष्टीने समितीचे म्हणणे पटण्यासारखे आहे. दिवसाला २०० ग्रॅम तांदळातून सहा-आठ मिलिग्रॅम लोह पोटात जाते, त्यातले थोडेच शोषले जाते, आणि रक्ताच्या एका पिशवीपुढे ते नगण्य आहे. तरीही ती सूचना काढायला नको होती, असे मला वाटते. तांदूळ घातक आहे म्हणून नव्हे. लोह सगळ्यांसाठी सारखे नसते, हे सांगणारी ती एकमेव ओळ लाखो घरांत पोहोचत होती, म्हणून. ती ओळ वाचून एखाद्याने ‘हा थॅलेसेमिया म्हणजे काय?’ असे विचारले असते, तरी तिचे काम झाले असते.

करायचे काय?

सायप्रस हे छोटे बेट. तिथे वाहकांचे प्रमाण सातात एक इतके जास्त होते. जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला आयुष्यभर रक्त आणि औषध पुरवायचे ठरवले तर देशाची तिजोरी पुरणार नाही, हे त्यांनी १९७० च्या दशकात ओळखले आणि लग्नाआधी तपासणी सुरू केली. चर्चही त्यात सामील झाले. काही वर्षांत थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मणाऱ्या मुलांची संख्या शून्याजवळ आली. लग्ने मात्र फारशी मोडली नाहीत. दोघे वाहक निघालेल्या जोडप्यांनी बहुतेकदा लग्न केलेच, आणि गरोदरपणी गर्भाची तपासणी करून घेतली. आपल्याकडे आजही दरवर्षी दहा ते बारा हजार मुले हा आजार घेऊन जन्मतात, असा अंदाज सांगितला जातो.

‘तपासणीत दोष निघाला तर मुलीचे लग्न कसे होणार?’ ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. तिचे ओझे मुलीवरच पडते, हेही खरे. म्हणूनच तपासणी ठरलेल्या लग्नाच्या तोंडावर न होता कॉलेजात, मुलगे आणि मुली दोघांचीही, अहवाल गुप्त ठेवून व्हावी. वाहक असणे हा आजार नाही. अडचण येते ती दोन वाहक नकळत एकत्र आल्यावर. कळून-सवरून आले तर मार्ग आहेत. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यानेही हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी ती मोकळी ठेवली आहे. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा. पण निर्णय घेण्याची संधी तरी त्यांना मिळाली पाहिजे. बाळ आठ महिन्यांचे होऊन पांढरे पडल्यावर हा शब्द पहिल्यांदा ऐकायला मिळणे, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये हिमोग्लोबिनच्या विकारांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात गरोदर महिलांच्या तपासणीचा आग्रह आहे. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमियाला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. कागदावर कमी नाही. कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय हा जिल्ह्याचाच नव्हे, शेजारच्या कोकणाचा आणि सीमाभागाचाही आधार आहे. तिथपासून तालुक्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत तीन गोष्टी नेमाने होणे मला गरजेचे वाटते. गरोदर बाईच्या पहिल्या भेटीतच रक्तगणना पाहून संशय आला तर एचबी-ए-टू करावी, आणि ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची करावी. थॅलेसेमियाच्या प्रत्येक मुलाला रक्ताच्या पिशवीबरोबर पुढच्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्या लोह उतरवणाऱ्या गोळ्या हातात मिळाव्यात, आणि फेरिटिनची नोंद त्याच्या कार्डावर असावी. लोहाच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत फरक पडला नाही तर पुढची तपासणी कुठे करायची, हे आशाताईंनाही माहीत असावे. यातल्या कशालाही नवे यंत्र शोधावे लागणार नाही.

ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला, तिथे लग्नाआधी एक रक्ततपासणी रूढ करणे ही फार मोठी क्रांती नव्हे. तोवर ज्याला-त्याला करता येण्यासारखे एक काम आहे. घरात कुणाची जुनी रक्ततपासणी पडून असेल तर ती काढून एमसीव्ही आणि तांबड्या पेशींची संख्या पाहा. पेशी लहान आणि संख्या जास्त असेल, तर गरोदर बाईची चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना थेट विचारा की माझे लोह खरेच कमी आहे, की मी थॅलेसेमियाचा वाहक आहे? हा प्रश्न विचारणाऱ्याचा फायदा होईलच. त्याच्या भावंडांचा आणि पुढे जन्माला येणाऱ्या मुलांचा त्याहून जास्त होईल.